चार बोंडे आणि पाच वाजताचं रडणं

माहेर आणि सासर, दोन्हीकडे मिळून कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. केमिस्ट्रीची बीएस्सी. हे मी कुठेही सांगते.

लेक दीड महिन्याची होती. सासूबाईंनी मला पथ्यावर ठेवलं होतं. लसणाचं कुळंबु म्हणजे चिंचेची आमटी, मऊ भात, बटाट्याला हात लावायचा नाही.

"तू खाशील त्याचा वायू दुधातून लेकराच्या पोटात जातो," त्या म्हणायच्या.

"आई, असं कुठल्याच पुस्तकात नाही," मी म्हणायची.

एका दुपारी डिग्रीच्या झेरॉक्स काढायला राजवाड्याजवळच्या गल्लीत गेले. शेजारीच बटाट्याचे बोंडे तळत होते. भिंतीकडे तोंड करून, उभ्याउभ्या चार खाल्ले.

पाच वाजता लेक रडायला लागली. पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, चेहरा लालभडक. तीन तास. दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. सासूबाईंनी बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला, मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि निकाल दिला: समोरच्या घरातल्या मामींची दृष्ट. "गाल कसे बनपावासारखे" म्हणाल्या होत्या ना! मामींशी बोलणं बंद झालं. मी, केमिस्ट्रीची बीएस्सी, त्या मिरच्या निखाऱ्यांवर टाकून आले.

चौथ्या दिवशी मात्र राहवेना. माझ्या जिभेपायी लेकराला खरंच काही झालं असलं तर? दवाखान्यात सासूबाई सोबत आल्याच. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, पोट चाचपलं, ताप-उलटीचं विचारलं. मी एका दमात बोलून गेले, "मी बोंडे खाल्ले. चार."

"चार?" सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या. "वजन छान वाढतंय, पोट मऊ आहे. या वयात बरीच बाळं संध्याकाळी अशी रडतात. तीन-चार महिन्यांची झाली की थांबतं. त्यात बोंड्याचा दोष नाही. पण ताप आला, हिरवी उलटी झाली, दूध पिईना, तर लगेच आणा."

ऑटोत मी बोलणी खायच्या तयारीनं बसले. सासूबाई बाहेर बघतच म्हणाल्या,

"अगो, माझी तीन बाळंतपणं झाली. दरवेळी बटाटा नाही, चण्याची डाळ नाही. फणसाच्या दिवसांत फणस नाही! सासू दारात बसून राखण करायची."

"हो, आई."

"आणि तरी तुझा नवरा रोज रडायचा."

नवरा ऑफिसातून आला. चप्पल काढायच्या आत सासूबाई उंबऱ्यात उभ्या. "तुझ्यासाठी मी फणस सोडला, आणि तू फुकट रडलास!"