विटेआडचा दिवा

इकडे हिंदी मुलखात, रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरच्या गच्चीवर मी माझ्या मुलीला ध्रुवतारा ओळखायला शिकवलं. पुढे तोच तारा मला दिसेनासा झाला. दिवसा मी पेपर वाचतो, पण अंधार पडला की सगळं काळं. यावर इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर निवांत आकाश बघायचं, एवढी एकच हौस मी राखून ठेवली होती. देवावर असा रुसलो की घरची सांजवातही सोडून दिली.

मुलगी रिछाईच्या कारखान्यात नोकरी करते आणि सुट्टीत ताऱ्यांचे फोटो काढत हिंडते. या हिवाळ्यात म्हणाली, "बाबा, काहून रुसून राहिले? चला, तुम्हाला ध्रुव दाखवते." सिहोऱ्याच्या पुढे एक जुनं, पडकं शिवमंदिर आहे. उत्तरेची भिंत ढासळलेली, मोडक्या खांबांमधून उघडं आभाळ. तिथे तिनं कॅमेरा लावला, तोच गावातली एक म्हातारी आली आणि पिंडीपुढे रोजचा दिवा लावून बसली. ज्योत नेमकी कॅमेऱ्यासमोर, फोटो बिघडायला लागला. मी वैतागून म्हणालो, "विझव तो."

"नाही बाबा, त्यांचा दिवा आहे. फोटो नाही निघाला तर परत येऊ."

माझीच मुलगी, पण त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला. म्हातारीला मराठी कळलं नसेल, अडचण मात्र कळली. तिनं एक फुटकी वीट उचलून ज्योतीपुढे उभी केली. "बिटिया, दिया तो जलेगा. आड़ में जलेगा. तुम अपना काम करो." मुलगी कामाला लागली. ज्योत आड गेल्यावर मला काहीच दिसत नव्हतं, तरी हात आपोआप जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी घरी तिनं तो फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला. विटेआडच्या उजेडानं खांब उजळले होते. त्यांच्या वर रात्रीतून फिरत गेलेल्या ताऱ्यांच्या गोल गोल रेघा, आणि मधोमध जागचा न हललेला माझा ध्रुव. मी लहान पोरासारखा रडलो.

गर्व करू नये, हे मला कळतं. पण घरी येईल त्याला मी तो फोटो दाखवतो, कोणी काढला तेही दोनदा सांगतो. देवानं एवढं चालवून घ्यावं. सांजवात पुन्हा सुरू केली आहे. डोळे मागणं मात्र सोडलं. मुलगी कॅमेरा घेऊन निघाली की एवढंच म्हणतो, देवा, आज आभाळ मोकळं ठेव.