मास्तरांचा बँड जिथं थांबायचा

इब्राहिम मास्तर गेल्याचं मला सलूनमध्ये कळलं. गालाला साबण लागलेला होता. "तुमचा दुष्मन गेला की वो, आप्पा," न्हावी म्हणाला आणि वस्तरा पुसत राहिला. गावाच्या लेखी आम्ही दुष्मनच. एकाच गल्लीत दोघांचे लग्नाचे बँड, समोरासमोर पाट्या, आणि आलेलं गिऱ्हाईक कुणाची पायरी चढतं याकडे दोघांचेही डोळे...

एकोणीसशे साठच्या सुमाराची गोष्ट. माझ्याकडे माणसं जास्त, जरीचे डगले, मोठा ढोल. मास्तरांकडे विटके खाकी कोट आणि त्यांची क्लॅरिनेट. पण वरातीच्या दिवशी सकाळी मास्तर एकटे त्या वाटेनं चालत जायचे. कुठे कुणी अंथरुणाला खिळलंय, कुठे बाळंतीण आहे, कुठे सुतक आहे, दारोदार विचारून यायचे. संध्याकाळी वरात त्या दारापाशी आली की मास्तर हात वर करायचे आणि बँड गप्प व्हायचा. दार मागं पडलं की पुन्हा सुरू. ज्यांच्या दारात ते असे थांबले, तीच घरं पुढच्या लग्नाला त्यांना बोलावू लागली.

मी डगल्यांवर आणखी जरीकाम करून बघितलं. उपयोग झाला नाही. मग एका मुलीच्या बापाला चहा पाजता पाजता म्हणालो, "पावणं, वरातीत वाजप बंद पडणं बरं न्हवं. नव्या जोडप्याला अपशकुन." एवढंच. पुढचं काम गल्लीबोळांनी केलं. मास्तरांची कामं आटली, त्यांचा ट्रंपेटवाला दत्तू माझ्याकडे आला. दारांपाशी थांबू नका म्हणून घरच्यांनी सांगून पाहिलं, पण मास्तर थांबायचे ते थांबतच राहिले. शेवटी बँड मोडला आणि ते सायकली दुरुस्त करू लागले.

एकदा रस्त्यात त्यांनी मला अडवलं. वाटलं, आता भांडण. म्हणाले, "आप्पा, गिऱ्हाईक नेलासा, न्या. पर ती दारं तेवढी गप जावा की. आजाऱ्याला तुमचा ढोल लई लागतोय."

"तुमचं शहाणपण तुमच्यापाशी ठेवा, मास्तर," मी म्हणालो.

तरी पुढे मीच थांबू लागलो. कुठल्या दारापाशी थांबायचं ते दत्तू सांगायचा; त्याला ते कसं कळतं, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या बाबतीत कुणाला अपशकुन आठवला नाही. उलट 'शिस्तीचा बँड' असं नाव झालं, तसं मी पाटीवर रंगवूनही घेतलं. एका सत्कारात वक्त्यांनी ही पद्धत मी सुरू केल्याचं सांगितलं. मास्तर मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. मी गप्प बसलो... गप्प बसायची ती जागा नव्हती.

ते गेल्यानंतरच्या पहिल्याच वरातीत आमचा बँड एका घरासमोर दणक्यात वाजला. आतून एक बाई धावत आली. "लाजा वाटत्यात का? सासरा शेवटच्या घटका मोजतोय माझा!" मी दत्तूवर ओरडलो, "सकाळी वाटेवरची दारं बघून कोण आलं न्हाय व्हय रे?"

दत्तूनं मान खाली घातली. "आप्पा, मास्तरच यायचं की बघून. दरखेपेला. मला सांगून जायचं आणि म्हणायचं, आप्पांना बोलू नगंस."

इतकी वर्षं माझ्या बँडची शिस्त त्यांच्या पायांवर चालली होती.

आता वरातीच्या सकाळी मी जातो. गुडघे दुखतात, सावकाश जातो. दार उघडणारं माणूस माझ्या खांद्यावरून मागं बघतं आणि विचारतं, "मास्तर न्हाय आलं?" मग आजारपणाची चौकशी राहते बाजूला, आणि प्रत्येक दारात मला आधी तीच बातमी सांगावी लागते.