चहा येण्याआधी

डिलाईल रोडच्या आमच्या शाळेत बाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या, तेव्हा मला त्यांचा रागच यायचा. शनिवारी शाळा सुटली की आम्हा शिक्षकांना बसवून घ्यायच्या. चहा येण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, या आठवड्यात वर्गात आपलं काय चुकलं. पहिला नंबर त्यांचाच. "पाचवीला भागाकार शिकवताना मीच गोंधळले," हे त्या अगदी सहज सांगायच्या. दुसऱ्याचं ऐकून सल्ला द्यायच्या नाहीत. एवढंच विचारायच्या, "मग सोमवारी काय करूया?"

मी महिनाभर "माझं काही नाही" म्हणत राहिले. एका शनिवारी तोंडून निघून गेलं, की शेवटच्या बाकावरच्या दोन मुलींना वाचता येत नाही, आणि हे मला दिवाळीपासून माहीत आहे. त्या रागावल्या नाहीत. सोमवारी पहिल्या तासाला माझ्या वर्गात आल्या आणि त्या मुलींशेजारी जाऊन बसल्या.

निवृत्तीला चार महिने उरले, तशा त्या शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्यात बसायच्याच बंद झाल्या.

"अहो बाई, तुमच्याशिवाय कसं होणार?" मी चिडून विचारलं.

"तेच बघायचंय मला," म्हणाल्या आणि पर्स उचलून घरी निघाल्या.

आता शाळेत नवे मुख्याध्यापक आहेत. पहिल्याच शनिवारी त्यांनी विचारलं, "ही पद्धत कुणाची?"

यंदाच लागलेली शिक्षिका पटकन म्हणाली, "आपल्या शाळेचीच आहे, सर. आपल्याकडे असंच असतं."

बाईंचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते उत्तर ऐकून मला भरून आलं, आणि नाव न घेता मी या आठवड्यात माझं काय चुकलं ते सांगायला लागले.