तिरकी खुर्ची

समाजकार्याच्या वर्गात सुरुवातीलाच शिकवतात की बोलायला आलेल्या माणसाच्या अगदी समोर खुर्ची टाकायची नाही, थोडी तिरकी ठेवायची. बोलताना नजर टेकवायला दुसरीकडे जागा लागते.

काल त्याचा सराव होता. माझ्या मुलीहूनही लहान असलेली वर्गमैत्रीण नेहा समुपदेशक झाली आणि मी तिच्याकडे आलेली बाई. आमच्या चिठ्ठीत निघालं, ‘घरात नुकताच मृत्यू’. सरांनी हळूच विचारलं, “बदलून देऊ का?” मी म्हटलं, “राहू दे.”

यांना जाऊन वर्ष होत आलं. याद्या करून बँक, विमा, गॅसचं कनेक्शन सगळं मार्गी लावलं आणि रिकाम्या दुपारी भरायला इथे प्रवेश घेतला. रडायचं तेवढं जमलेलं नाही.

नेहानं खुर्ची वळवून घेतली.

“झोप लागते का?”

“लागते.”

“जेवण?”

“वेळेवर.”

मग ती गप्प झाली. खिडकीबाहेर शिपाई कुंड्यांना पाणी घालत होता. मी ते बघत राहिले. बऱ्याच वेळानं सर म्हणाले, “छान. शांतता सोसता आली पाहिजे.”

“काकू, खरं सांगू? पुढचा प्रश्नच आठवेना,” नेहा कुजबुजली.

“असू दे गं.”

वर्षभर भेटायला आलेला प्रत्येक जण काहीतरी समजावून गेला होता. नुसतं शेजारी कुणी बसलं नव्हतं. पुढची जोडी येऊन उभी राहिली, तरी मला उठावंसं वाटेना.