पाखरूचं खरं नाव

चूक माझी. आधी ती कबूल करतो, मग बाकीचं.

सेलूच्या स्टँडवरून मी चाकणला निघालो तेव्हा धाकटी बहीण नंदा रडली नाही. "दादा, तिकडं गाणी ऐकाया मिळतेत का रे?" एवढंच तिनं विचारलं. वडील म्हणाले, "आधी भाकर बघू दे त्याला." मी भाकर बघितली. शिफ्ट, ओव्हरटाइम, कुरुळीतली खोली, मग चिंचवडला फ्लॅट. गाणी नंदानं बघितली. आज ती पुण्यात संज्ञापन शिकवते आणि मोबाईलवर लाइव्ह गाणाऱ्यांवर, त्यांना ऐकणाऱ्यांवर संशोधन करते.

तिच्यामुळेच मला 'पाखरू' कळली. ही बाई रविवारी दुपारी कॅमेरा भिंतीकडे करून आपल्याकडचे पाळणे म्हणायची. ऐकणारे सगळे माझ्यासारखे, गाव सोडून आलेले. तिथं स्वतःचं नाव कुणीच लिहीत नसे, गाव लिहायचे. "जिंतूर हजर." "मंठा आलं बरं का." "पाखरूताई, परतूरसाठी एक होऊ द्या!" ही रीत नंदानं हेरली. पाखरूशी बोलण्याआधी कित्येक महिने ती नुसती ऐकत बसली. मी पहिल्याच दिवशी दहा प्रश्न विचारले असते.

एका रविवारी तो आवाज मला ओळखू आला. आमच्याच कंपनीतल्या, वायरिंगच्या लाइनवरच्या शोभाताई! अभिमानानं मी सगळ्यांसमोर लिहिलं, "अहो, या तर आमच्या शोभाताई, कंपनीची शान!"

लाइव्ह तिथंच बंद झालं. सून मोबाईलवर गाते हे सासरी माहीत नव्हतं, आणि ऐकणाऱ्यांत त्यांच्या सासरचंही गाव होतं. दोन दिवसांत पाखरूचं खातंच गेलं.

नंदा ओरडली नाही. या संशोधनावर ती पुस्तक लिहीत होती; पाखरूवरचं अख्खं प्रकरण तिनं त्यातून काढून टाकलं. "ओळख कळणार नाही असा शब्द दिला होता मी, दादा." इतकं सरळ माणूस माझ्या घरात वाढलं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

गावाकडच्यांनो, तुम्ही विचारता, आता घर कुठलं? सेलूच्या घराला कुलूप आहे. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये मी झोपतो. पण रविवारी दुपारी त्या भिंतीसमोर आपली गावं जमायची, तेव्हा मी घरी असायचो. ते घर मीच बंद पाडलं.

बरेच दिवस तोंड चुकवलं. परवा कंपनीच्या बसमधून उतरल्यावर शोभाताईंना थांबवलं.

"काय भाऊ, आता आणखी काय जाहीर करायचंय?"

"काही नाही, ताई. कौतुकाच्या भरात तुमचं गाणं बंद पाडलं मी. नाव सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवायचं होतं. माफ करा मला."