झोपू न देणारी अक्का

आमच्या माहेरी तान्ह्या बाळाला दोन तासांच्या वर झोपू देत नाहीत. उठवायचं, पाजायचं, पुन्हा निजवायचं. का, तर 'झोपलेलं पोर ती घेऊन जाते.' ती कोण, हे कुणी सांगत नाही. माझ्या बाळंतपणाला आईची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची अक्का, कर्नाटकातल्या आनेकलहून आली. बाळ जरा पेंगलं की हिच्या टिचक्या त्याच्या तळव्यावर! दीड महिना सोसलं, मग माझं डोकंच फिरलं. "अक्का, पोराला सुखानं जगू देशील की नाही?" म्हटलं आणि तिला सरळ बसमध्ये बसवून दिलं. जाताना ती कानडी वळणानं एवढंच म्हणाली, "सरी, बरं. पण उठव गं त्याला."

दुसऱ्या दिवशी बाळ सकाळी सहाला प्यायलं आणि झोपलं. दहा वाजले, अकरा वाजले. घर कसं गप्प! मी तर मैत्रिणीला फोन करून बढाईसुद्धा मारली.

बाराला इस्पितळातून फोन आला. बाळंतपणाच्या वेळी तिथे नवजात बाळांच्या जनुकांवरच्या एका मोठ्या संशोधनासाठी बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं होतं, आम्हा नवराबायकोचंही घेतलं होतं. सही करून मी विसरूनही गेले होते. डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "बाळ शेवटचं कधी प्यायलं?"

"सहाला."

"उठवा. आत्ता. फोन ठेवू नका."

ते उठेना. मान लुळी, तळवे गार. मी टिचक्या मारल्या, हाका मारल्या, रडले. इस्पितळात साखरेचं सलाईन लागलं, तेव्हा कुठे त्यानं डोळे उघडले.

उपाशी राहिलं की साखर एकदम उतरते आणि अशी मुलं झोपेतच जातात, बाई म्हणाल्या. जनुकातला हा दोष आईबाप दोघांकडून आलेला. नवरा माझा सख्खा मामेभाऊ; आमच्यात सोयरीक चार घरांतच फिरते.

मग बाईंना आमच्या घराण्यातली गेलेली बाळं कागदावर मांडायची होती. अक्काला इस्पितळात बोलावलं. तिनं न अडखळता चार सांगितली. सगळी झोपेत गेलेली. मग माझ्याकडे बोट करून ती बाईंना म्हणाली,

"पाचवा हिच्या आईचा पहिला. आई तापानं फणफणली होती, बाळ माझ्याकडे होतं. दुपारी माझाही डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं."

मला थोरला भाऊ होता, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिचा हात धरला. "अक्का, तुझा काय दोष? रक्तातच होतं ते."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. बाईंना विचारलं, "उठवलं असतं तर जगला असता?"

बाईंनी कागदावरून मान वर केली नाही.

"हो," त्या म्हणाल्या.