मॉर्निंग हडल आणि अण्णांची दाढ

मंगळवारपासून डोकं तापलंय, आज लिहूनच टाकते. मी डेंटिस्ट, मूळची नागपूरची, सध्या बंगळुरात, महादेवपुरातल्या एका क्लिनिकमध्ये नोकरी करते.

आमचे सर मध्यंतरी कुठलंसं वर्कशॉप करून आले आणि क्लिनिकमध्ये 'मॉर्निंग हडल' सुरू झालं. म्हणजे रोज पेशंट यायच्या आधी सगळ्यांनी वेटिंग एरियात गोल करून उभं राहायचं. आज कोण येणार, कुणाची कॅप लॅबमधून आली, कोण इंजेक्शनला घाबरतं... एवढंच बोलायचं. खरं सांगते, सुरुवातीला फार छान चाललं होतं. दिवसभराची निम्मी धावपळ तिथेच मिटायची.

मग त्या गोलाची रील निघाली... आणि सगळं बोंबललं.

आता प्रत्येकाने आपला कालचा 'विन' सांगायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. टाळ्यांत जोर नसला तर रिटेक! कुणी अडचण काढली की सर हात वर करतात, "नो निगेटिव्ह इन द मॉर्निंग, प्लीज."

तर मंगळवारी अण्णांची दाढ काढायची होती. अण्णा म्हणजे आमचे एक वयस्कर पेशंट, कित्येक पिढ्या बंगळुरातच गेलेल्या मराठी घरातले, बोलण्यात कानडी मिसळलेली. मराठी डॉक्टर भेटली म्हणून माझ्यावर जाम खूश! मागच्या खेपेला गप्पांच्या ओघात त्यांनी सांगितलं की हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत.

मी लगेच त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांशी बोलले. गोळ्या बंद करायच्या नाहीत, पण दाढ काढल्यावर टाके घालायचे आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत घरी सोडायचं नाही, असं ठरलं.

दाढ काढणार होते आमचे सर्जन, ते आठवड्यातून एकदाच येतात आणि फाइल उघडत नाहीत, तोंडीच सांगावं लागतं. मला हडल संपताच हेब्बाळच्या ब्रँचला पळायचं होतं. म्हणजे त्यांना समोरासमोर सांगायची जागा एकच... तो गोल.

माझी पाळी आली. "आज अण्णा येतायत, त्यांना..." एवढंच बोलले, तर सर मध्येच, "डॉक्टर, विन! फर्स्ट विन!" मी काहीतरी पुटपुटले, टाळ्या झाल्या, आणि सर सर्जनच्या खांद्यावर हात टाकून त्यांना केबिनमध्ये घेऊन गेले. दार बंद.

कॅबमध्ये बसल्या बसल्या क्लिनिकच्या ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं, सर्जनना टॅग केलं, फोनही केला. त्यांनी उचलला नाही. ग्रुपवर तोवर सकाळची रील पडली होती... तिच्याखाली आलेल्या टाळ्यांच्या इमोजींत माझा मेसेज कुठल्या कुठे वर गेला.

संध्याकाळी अण्णांच्या सुनेचा फोन आला. रक्त थांबतच नाहीये. त्यांना तसंच क्लिनिकमध्ये आणायला सांगितलं आणि मी हेब्बाळहून निघाले. त्या ट्रॅफिकमध्ये जीव नुसता टांगणीला लागला होता.

अण्णा खुर्चीत पांढरेफटक पडून होते, हातातला टॉवेल लाल. टाके घातले, गॉझचा पॅक दाबून धरला, रक्त थांबेपर्यंत शेजारून हलले नाही. सर्जननी घाईत फक्त "बीपी? शुगर?" एवढंच विचारलं होतं म्हणे. गोळ्यांचं मी सांगितलं असणारच, असं धरून अण्णा गप्प बसले होते.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, कालचं सगळ्यांसमोर बोलायला हवं. "ऑफलाइन बोलू, नंतर, आपण दोघंच," म्हणाले. ठीक आहे... हडलमध्ये माझी पाळी आल्यावर मी स्पष्ट शब्दांत सांगितलं, "काल आपल्या एका पेशंटचं रक्त संध्याकाळपर्यंत थांबत नव्हतं. आपण लक्ष दिलं नाही, तरी ते वाचले. हा माझा विन."

आणि टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी वाजवल्या, सरांनीसुद्धा! फक्त रिसेप्शनवरच्या मुलीचे हात मध्येच थांबले. मला इतका संताप आला की तिथून सरळ बाथरूममध्ये जाऊन रडले.

आज अण्णा टाके दाखवायला आले. मला वाटलं होतं चिडतील, ओरडतील... निदान तेवढं तरी करायला हवं होतं त्यांनी.

उलट खुर्चीत बसता बसता हळूच म्हणाले, "डॉक्टर अक्का, गोळ्यांचं मी सांगिटलो होतो नव्हे तुम्हाला? का विसरलो? वय झालं, आताशा स्वल्प विसरायला होतं मला."

"नाही अण्णा, तुम्ही सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं... आमच्याकडे कुणी ऐकलं नाही."

"सरी, सरी. बरं झालं. मग माझी चूक नाही म्हणायची," म्हणाले. केवढं हायसं वाटलं त्यांना! तीन दिवस हा माणूस घरी बसून स्वतःलाच दोष देत होता. आमच्यातल्या एकालाही तसं करावंसं वाटलं नव्हतं.